तोतोरो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘माझा शेजारी तोतोरो’ आमच्या घरी पहिल्यांदा लागला तेव्हा माझी भाची साडेचार वर्षांची होती. तेव्हापासून तिने आणि तिच्यानंतर ओळखीतल्या किमान दहा-बारा घरांनी मला तेच ते प्रश्न विचारले आहेत. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. चित्रपट अजून पाहिला नसेल तर आधी पाहा. ८६ मिनिटांचाच आहे आणि पुढे गोष्ट पूर्ण फुटणार आहे.

तोतोरो म्हणजे कोण?

हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि स्टुडिओ जिबलीने १९८८ मध्ये काढलेल्या जपानी चित्रपटातला, जंगलात राहणारा एक अवाढव्य, केसाळ, राखाडी जीव. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात. आई इस्पितळात आहे. घराशेजारी कापराचं एक प्रचंड झाड आहे आणि त्याच्या बुंध्यात हे महाशय झोपलेले असतात. स्टुडिओच्या बोधचिन्हात ज्याची आकृती दिसते, तो हाच.

टोटोरो म्हणायचं की तोतोरो?

तोतोरो. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचल्यामुळे आपल्याकडे ‘टोटोरो’ झालं, पण जपानी उच्चार आपल्या ‘त’च्या बराच जवळचा आहे. ‘तोक्यो’चं आपण ‘टोकियो’ केलं, तसंच हे. एरवी मी असल्या बाबतीत कुणाला दुरुस्त करत नाही, पण देवनागरीत जो आवाज सहज लिहिता येतो तो मुद्दाम कशाला बिघडवायचा? शिवाय ‘तोतोरो’ म्हटलं की ‘तोतरा’ची आठवण होते, आणि पुढच्या उत्तरात दिसेल की ती अगदीच अस्थानी नाही.

हे नाव आलं कुठून?

मेईच्या बोबड्या बोलण्यातून. चार वर्षांची मेई एका अर्धवट पारदर्शक, पांढऱ्या, दोन कानांच्या गोळ्याचा पाठलाग करत झुडपांच्या बोगद्यात शिरते आणि थेट मोठ्या तोतोरोच्या पोटावर जाऊन पडते. ती त्याला विचारते, तू कोण? तो जांभई आणि गर्जना यांच्या मधला काहीतरी आवाज काढतो. मेईला त्यात ‘तोतोरो’ ऐकू येतं आणि ती खूश होते.

नंतर सात्सुकी तिला विचारते, चित्रांच्या पुस्तकातला ‘तोरोरु’ का? ‘तोरोरु’ हा ट्रोलचा जपानी उच्चार. ट्रोल म्हणजे युरोपातल्या लोककथांमधला, पुलाखाली बसून बकऱ्यांना अडवणारा राक्षस. शेवटच्या श्रेयनामावलीत आई मुलींना पुस्तक वाचून दाखवताना दिसते. त्याचं मुखपृष्ठ नीट बघा, बकऱ्या दिसतील. म्हणजे जंगलातल्या त्या जिवाला स्वतःचं असं नावच नाही. त्याला मिळालं ते चार वर्षांच्या मुलीचं चुकीचं ऐकणं आणि चुकीचं बोलणं.

तो प्राणी आहे, भूत आहे की देव?

यातलं एकही उत्तर पुरेसं नाही. अंगाने तो थोडा घुबड, थोडं अस्वल आणि थोडा तानुकी आहे. तानुकी म्हणजे जपानी लोककथांमधला रूपं बदलणारा, कुत्र्याच्या कुळातला एक प्राणी. सुरुवातीच्या टिपणांमध्ये मोठ्या तोतोरोचं नाव ‘मिमिंझुकु’ होतं. जपानीत शिंगळ्या घुबडाला ‘मिमिझुकु’ म्हणतात, त्यावरची ती कोटी. रात्री झाडाच्या शेंड्यावर बसून तो ओकारिना वाजवतो, म्हणजे फुंकून वाजवायचं मातीचं एक लहान वाद्य. गावात ऐकणाऱ्याला तो घुबडांचा आवाज वाटावा.

आता देवाचं. कापराच्या ज्या झाडात तो राहतो त्याला जाड दोर गुंडाळलेला आहे. हा शिमेनावा. शिंतो परंपरेत पवित्र मानलेल्या जागेला किंवा झाडाला तो बांधतात. जवळच एक छोटं, पडझड झालेलं देऊळही दिसतं. मेईने जे पाहिलं ते ऐकून वडील हसत नाहीत, ‘भास झाला असेल’ असंही म्हणत नाहीत. तुला वनाचा धनी भेटला असणार, असं सांगून ते मुलींना त्या झाडासमोर नेतात आणि तिघं मिळून वाकून नमस्कार करतात. ज्याने देवराई पाहिली आहे त्याला या प्रसंगाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की तोतोरोला नवस बोलत नाहीत आणि तो कोपतही नाही.

तोतोरो एकच आहे की तीन?

तीन. मोठा राखाडी, मधला निळा आणि धाकटा पांढरा. निर्मितीपूर्व टिपणांमध्ये त्यांची वयं अनुक्रमे १३०२, ६७९ आणि १०९ वर्षं दिली आहेत. चित्रपटात यांपैकी एकही आकडा येत नाही. मधला दोंगुरी गोळा करतो. दोंगुरी म्हणजे ओकच्या झाडाच्या टोपीवाल्या बिया. पिशवीतून त्या गळत जातात आणि त्यांचा माग काढत मेई त्याच्यापर्यंत पोचते.

तो बोलत का नाही?

त्याला आवाज आहे, तो हितोशी ताकागी या नटाचा. पण शब्द नाहीत. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. तोतोरो एकदा बोलला असता की त्याने सल्ला दिला असता. ‘आई बरी होईल’ म्हणाला असता, ‘धीर धरा’ म्हणाला असता. बोलणारा जादूई प्राणी शिक्षक झाल्याशिवाय राहत नाही. हा नुसता हसतो, आणि ते हसू एवढं मोठं असतं की दात मोजता यावेत.

बसथांब्यावरचा तो प्रसंग इतका प्रसिद्ध का?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मला विचाराल तर सगळा चित्रपट या काही मिनिटांत आहे.

सुरुवात खरं तर आदल्या प्रसंगात होते. शाळा सुटल्यावर दोघी बहिणी पावसात अडकून एका आडोशाला उभ्या असतात. गावातला कांता नावाचा मुलगा, जो आधी सात्सुकीला चिडवत असतो, तिच्या समोर आपली फाटकी छत्री धरतो. ती घेत नाही, तेव्हा छत्री तिथेच टाकून तो भिजत पळत सुटतो. घरी जाऊन छत्री विसरलो म्हणून बोलणी खातो आणि खरं कारण सांगत नाही.

संध्याकाळी वडिलांना आणायला मुली बसथांब्यावर जातात. वडिलांनी छत्री नेलेली नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक जास्तीची छत्री घेतलेली. बस येते, वडील उतरत नाहीत. अंधार पडतो. मेई उभ्याउभ्या पेंगायला लागते आणि सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. आता सात्सुकीचा एक हात मागे, दुसऱ्या हातातली छत्री मान आणि खांदा यांच्यात कशीबशी अडकवलेली. त्यामुळे तिला शेजारचं काही दिसत नाही, फक्त जमीन दिसते. त्या जमिनीवर चपचप आवाज करत दोन मोठी केसाळ पावलं येतात, लांब नखांची. ती छत्रीची कड हळूच वर करते.

तोतोरोच्या डोक्यावर एक पान आहे, बस्स. पाणी नाकावरून ओघळतं आहे. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते आणि कशी धरायची ते दाखवते. मग झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो. टप्प. त्याचे केस उभे राहतात, डोळे विस्फारतात. आणखी दोन थेंब. भिजायचं नाही म्हणून छत्री, हे त्याच्या गावीच नसतं. त्याच्या लेखी ते वाद्य आहे. मग तो उडी मारून धपकन जमिनीवर आपटतो, त्या हादऱ्याने झाडावरचं सगळं पाणी एकदम छत्रीवर कोसळतं, आणि त्याला झालेला आनंद आख्ख्या रानाला ऐकू जातो.

या प्रसंगात संगीत अगदी थोडं आहे. जो हिसाइशी यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना पावसालाच बोलू दिलं आहे. कोकणात एसटीची वाट बघत कुणी भिजलं असेल, तर त्याला हे थांबणं वेगळं समजावून सांगायला नको.

पण चित्रपटात काही घडतच नाही, हे खरं ना?

खलनायक नाही, लढाई नाही, शाप नाही. मोठा तोतोरो दिसायला पहिला अर्धा तास जातो आणि पुढेही तो मोजक्या प्रसंगांतच येतो. घडतं ते असं: आईची घरी यायची तारीख पुढे जाते. मोठी बहीण, जी इतका वेळ डबे भरते, केस विंचरते, समजूतदारपणा करते, ती कोसळून रडते. ते पाहून धाकटी मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच इस्पितळाकडे चालू लागते आणि हरवते. तळ्यात एक लहानशी चप्पल सापडते. कांताची आजी ती हातात घेऊन जपमाळ ओढल्यासारखी पुटपुटत बसते. ‘ही मेईची नाही’ असं सात्सुकी म्हणेपर्यंत पाहणाऱ्याचा जीव टांगणीला. याला ‘काही घडत नाही’ म्हणणाऱ्यांचं घरातलं लहान मूल कधी पाच मिनिटं नजरेआड झालेलं नसावं.

आणि या सगळ्यात तोतोरो काय करतो? एकच काम. सात्सुकी रडत मदत मागते तेव्हा तो तिला झाडाच्या शेंड्यावर नेऊन मांजरबसला हाक मारतो. स्वतः बरोबर जात नाही. आईला बरं करत नाही, मेईला उचलून आणत नाही. नावातच लिहिलं आहे, तो ‘शेजारी’ आहे. अडीनडीला गाडी बोलावून देणारा, एरवी आपल्या घरात घोरत पडलेला. चाळीत वाढलेल्या माझ्या आईने चित्रपट संपल्यावर एवढंच म्हटलं, “शेजार बरा मिळाला हो पोरींना.” चित्रपटाबद्दल यापेक्षा नेमकं मी अजून वाचलेलं नाही.

मांजरबस ही काय भानगड आहे?

बारा पायांची, पोकळ पोटाची, केसाळ आसनांची मांजर, जी बसही आहे. डोळे म्हणजे पुढचे दिवे, कपाळावरची पाटी आपोआप बदलते, टपावर दिव्यांच्या जागी उंदीर. म्हातारी मांजरं रूप बदलतात असा जपानी लोककथांमधला जुना समज आहे, त्यातलीच ही. ती शेजारून गेली तरी मोठ्यांना नुसता वारा आल्यासारखं वाटतं.

मोठ्या माणसांना तोतोरो दिसत का नाही?

नियम कुणी सांगत नाही. पण मुलींना नव्या घरात काजळीचे काळे गोळे पळताना दिसतात, आणि कांताची आजी म्हणते की ते तिलाही लहानपणी दिसायचे. यावरून काय ते समजावं. शेवटी आईला क्षणभर वाटतं की खिडकीबाहेरच्या झाडावर मुली हसताहेत. बहुधा आजारपणात माणूस थोडा लहान होतो.

तोतोरो हा मृत्युदेव आहे आणि मेई मेलेली असते, असं फॉरवर्ड आलं होतं. खरं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, तोही दरवेळी ‘तुला माहीत नसेल, पण’ अशा सुरात.

अफवा अशी: १९६३ साली सायतामा प्रांतातल्या सायामा इथे एका शाळकरी मुलीचा खून झाला होता, आणि चित्रपट त्यावर बेतला आहे. पुरावा काय, तर गोष्ट त्याच भागातली, गुन्हा मे महिन्यातला, आणि दोघी बहिणींच्या नावांचा अर्थही मे. शिवाय शेवटी शेवटी मुलींच्या सावल्या दिसत नाहीत. अफवा इतकी वाढली की २००७ मध्ये स्टुडिओ जिबलीने ती जाहीरपणे फेटाळली. सावल्यांचं कारणही दिलं: त्या दृश्यांमध्ये चित्रकारांना त्यांची गरज वाटली नाही, म्हणून काढल्या नाहीत. हातांनी चित्र काढणाऱ्या माणसाला हे उत्तर लगेच पटतं.

शिवाय गोष्ट १९५० च्या दशकातली आहे. आणि आई घरी परतते, हे श्रेयनामावलीतल्या चित्रांत दाखवलंच आहे. श्रेयनामावली यायच्या आधी टीव्ही बंद करणाऱ्यांमुळेच असल्या अफवा तगतात.

मग दोघींच्या नावांचा अर्थ एकच का?

कारण सुरुवातीला मुलगी एकच होती. ‘मेई’ हे इंग्रजी ‘मे’वरून, आणि ‘सात्सुकी’ हे पाचव्या महिन्याचं जुनं जपानी नाव. चित्रपटाची लांबी वाढवायची ठरली तेव्हा एकीच्या दोघी झाल्या. जुन्या पोस्टरवर बसथांब्याशी तोतोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे. नीट पाहिलंत तर ती धड सात्सुकी नाही, धड मेई नाही. दोघींची मिसळ आहे.

हे गाव खरं आहे का?

गाव काल्पनिक, पण भूमी खरी. तोक्यो आणि सायतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्या आणि तोकोरोझावा शहराचा परिसर. मियाझाकी तिथे राहतात. चित्रपटातली हिरवाई काझुओ ओगा यांनी रंगवली. दुपारच्या उन्हातली शेताची पायवाट, कौलांवरचं शेवाळ, नळाखालच्या टोपलीतल्या काकड्या, सगळं कला दिग्दर्शक म्हणून त्यांच्या हातचं.

पुढे या टेकड्यांवर घरबांधणीचं संकट आलं तेव्हा स्थानिकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. पहिला तुकडा १९९१ मध्ये घेतला. त्यांना ‘तोतोरोचं वन’ असं नाव आहे, आणि आज असे पन्नासहून जास्त तुकडे आहेत. कागदावर काढलेल्या एका पोट सुटलेल्या प्राण्याने खरोखरीची झाडं वाचवली.

आईला नेमकं काय झालंय?

चित्रपटात आजाराचं नाव येत नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता आणि ती त्यांच्या बालपणातली बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. इतकं सांगितलं की पुरे.

प्रदर्शित झाला तेव्हाच गाजला का?

मुळीच नाही. १६ एप्रिल १९८८ रोजी तो ‘काजव्यांची समाधी’ या इसाओ ताकाहाता यांच्या चित्रपटाबरोबर एकाच तिकिटात लागला. युद्धकाळात उपासमारीने मरणाऱ्या भावाबहिणीची गोष्ट आणि तोतोरो, एकाच दुपारी! कुणाच्या डोक्यातून ही जोडी निघाली असेल ती असो. सुमारे ८ लाख लोकांनीच पाहिला. समीक्षकांना मात्र लगेच कळला. ‘किनेमा जुम्पो’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवलं. घराघरांत तो पोचला टीव्हीवरून, आणि दोनेक वर्षांनी कापसाची मऊ खेळणी बाजारात आल्यावर स्टुडिओला खरा पैसा दिसला.

लहान मुलांना दाखवावा का?

जरूर. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला कळतो, फक्त मेई हरवते तेव्हा शेजारी बसा. काही पालकांनी वडील आणि मुली एकत्र आंघोळ करतात त्या प्रसंगाबद्दल विचारलं. जपानमध्ये लहान मुलांनी आईवडिलांबरोबर गरम पाण्याच्या टबात बसणं ही रोजची घरगुती गोष्ट आहे. मुलांना त्यात काही वावगं दिसत नाही. प्रश्न मोठ्यांनाच पडतो.

२०२० पासून तो भारतात नेटफ्लिक्सवर आहे. मूळ जपानी आवाजच लावा. वाचता न येणाऱ्या मुलाला संवाद आपण वाचून दाखवायचे. भाचीला मी तसंच दाखवला. तिसऱ्या वेळी ती मला माझीच वाक्यं दुरुस्त करून सांगत होती, “मावशी, असं नाही म्हणाली ती.”

जपानला जातो आहोत. तोतोरो कुठे भेटेल?

मिताका इथल्या जिबली संग्रहालयात एक मोठा तोतोरो तिकीटखिडकीत बसला आहे. खरी तिकिटं मात्र तिथे मिळत नाहीत. ती आधीच काढावी लागतात, दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची विक्री सुरू होते. आत फोटो काढू देत नाहीत. आतल्या केसाळ मांजरबसवर फक्त लहान मुलांनाच चढता येतं, याचं मोठ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी थोडं घेतलं.

नागोयाजवळ नागाकुते इथे जिबली पार्क आहे. तिथलं सात्सुकी आणि मेईचं घर मुळात २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं होतं. पार्क २०२२ मध्ये उघडलं. मुलांना कपाटं आणि खण उघडून बघू द्या, आत कपडेसुद्धा घडी करून ठेवलेले आहेत.

लंडनमध्ये २०२२ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने याचं नाटक केलं, अवाढव्य बाहुल्यांसकट. त्याला पुढच्या वर्षी ६ ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले.

तोतोरोच्या नावाचा किडा आहे, हे खरं?

हो. व्हिएतनाममध्ये सापडलेल्या एका मखमली अळीवजा जिवाला २०१३ मध्ये ‘एओपेरिपॅटस तोतोरो’ नाव दिलं. गंमत म्हणजे तो दिसतो मांजरबससारखा, पायांच्या रांगांमुळे. एका लघुग्रहालाही हे नाव आहे.

त्याने छत्री परत केली का?

हा भाचीचा प्रश्न. नाही केली. बसथांब्यावरून तो मांजरबसमध्ये चढतो तेव्हा छत्री हातात असते. पुढे भोवऱ्यावर उभा राहून मुलींना घेऊन उडतो तेव्हाही असते. बदल्यात त्याने पानात बांधलेल्या दोंगुरी दिलेल्या असतात, म्हणजे त्याच्या बाजूने हिशेब मिटला. वडील शेवटी बसमधून उतरतात तेव्हा मुली त्यांना सगळं एका दमात सांगतात, त्यात हेही सांगतात की तोतोरो बाबांची छत्री घेऊन गेला. मग तिघं घराकडे चालू लागतात.